पेंढ्यात लपवलेला नवा करार : चेम्सफर्डच्या एका घरातलं वाचनाचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं सहसा बदलतात. इथं त्याची गरज नाही, कारण घटना १५३८ नंतरच्या दोन-तीन वर्षांतली आहे आणि ज्याच्यावर ती गुदरली त्यानंच ती स्वतःच्या नावानं लिहून ठेवली. गंमत अशी, की ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्यांची नावं त्यानंही दिलेली नाहीत. ‘गावातली काही गरीब माणसं’, एवढाच त्यांचा उल्लेख.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं चेम्सफर्ड हे लंडनच्या ईशान्येचं बाजाराचं गाव. सप्टेंबर १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या वतीनं त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेलनं सगळ्या पॅरिशना, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांना, हुकूम पाठवला, की चर्चमध्ये मोठ्यात मोठ्या आकाराचं अखंड इंग्रजी बायबल आणा आणि लोकांच्या हाताशी येईल अशा जागी ठेवा. खर्च निम्मा पाद्र्याचा, निम्मा गावकऱ्यांचा. ते वाचायला किंवा वाचलेलं ऐकायला कुणालाही आडकाठी करायची नाही. मात्र त्यावरून वाद घालायचे नाहीत आणि अवघड जागांचा अर्थ जाणत्यांवर सोडायचा, अशी पुस्तीही त्यालाच जोडलेली होती.

म्हणजे वाचा, ऐका, पण त्यावर बोलू नका. पुढचा सगळा घोळ या एका अपेक्षेत आहे.

त्याआधीची सव्वाशे वर्षं परवानगीशिवायचं इंग्रजी बायबल जवळ बाळगणं म्हणजे पाखंडाचा संशय ओढवून घेणं होतं. १४०९ पासून ती बंदी होती. तरी एसेक्समध्ये लॉलार्ड म्हणवल्या जाणाऱ्यांची, म्हणजे चर्चची शिकवण न मानता इंग्रजी बायबल वाचणाऱ्यांची, घरं होती. तिथं हाती लिहिलेल्या वह्यांतून बायबलचे उतारे रात्री दाराआड वाचले जात. स्टीपल बम्पस्टेड गावचे असेच दोघं १५२६ मध्ये लंडनला गेले आणि विल्यम टिंडेलच्या इंग्रजी भाषांतरातला छापील नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग, ३ शिलिंग २ पेन्सना (३८ पेन्सना) घेऊन आले. मजुराला तेव्हा दिवसाला ४ पेन्सच्या आसपास मिळत, म्हणजे या पुस्तकासाठी त्याला नऊ-दहा दिवस राबावं लागलं असतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या काळी वाचायला आधी शिकवत, लिहायला नंतर आणि वेगळं. पुष्कळांना छापील अक्षर लागायचं, पण सही करता यायची नाही. अनेकांना दोन्ही येत नसे. त्यामुळे पुस्तक गावात आलं म्हणजे एक वाचणारा आणि दहा ऐकणारे आलेच. एकट्यानं, ओठ न हलवता वाचणारी माणसं होती, पण अशा गावात एका पुस्तकाचा पैसा वसूल व्हायचा तो मोठ्यानं वाचूनच.

घरातली माणसं

विल्यम मॉल्डन हा मुलगा. वडील दुकानदार. सुई-दोरा, फिती असल्या बारीकसारीक मालाबरोबर किराणाही विकत. आई, रिचर्ड नावाचा भाऊ आणि वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करणारा थॉमस जेफ्री. विल्यम आणि रिचर्ड एकाच अंथरुणावर झोपत. खाऊनपिऊन सुखी, जुन्या वळणाचं घर. वडिलांचा धर्म लॅटिन प्रार्थनांचा होता आणि त्यांना त्यात काही कमी वाटत नव्हतं.

पेच

राजाचा हुकूम होताच चेम्सफर्डमधल्या त्या गरीब माणसांनी वर्गणी म्हणा, बचत म्हणा, कशातून तरी नव्या कराराची प्रत घेतली. रविवारी ती चर्चच्या खालच्या टोकाला बसून वाचू लागली. खालचं टोक म्हणजे दाराकडची, वेदीपासून सर्वांत लांबची बाजू. पुढं पाद्री लॅटिनमध्ये आपलं काम करतोय आणि मागं इंग्रजीत दुसरंच काही चाललंय. लोक भोवती गोळा होत. विल्यमही दर रविवारी तिथं जाऊन बसू लागला.

वडिलांनी हे पाहिलं आणि त्याला त्या घोळक्यातून उठवून नेलं. शेजारी बसवून लॅटिन प्रातःप्रार्थना म्हणायला लावल्या. असं एकदा नाही, अनेकदा झालं.

इथं पेच पुस्तकाचा नव्हता. पुस्तकाला राजाची परवानगी होती. वडिलांना खटकला तो घोळका. कोण कुणाच्या तोंडून ऐकतंय, कुणाशेजारी बसतंय आणि ऐकून झाल्यावर काय बोलतंय, याचा तो प्रश्न होता. दुकानदाराचा मुलगा गावातल्या फाटक्या माणसांच्या पायाशी बसून धर्म शिकतोय, हेही त्यात असणारच. मॉल्डननं तसं लिहिलेलं नाही. हा माझा अंदाज.

कोणापुढं कोणते मार्ग होते

वाचणाऱ्या गरीब माणसांना घरात वाचता आलं असतं. पण एसेक्समध्ये दार लावून बायबल वाचणारं घर म्हणजे लॉलार्डांचं घर, ही ओळख पुसलेली नव्हती. गुत्त्यात वाचलं असतं तर श्रोते भरपूर, पण दंग्याचा आळही तयार. रविवारचं चर्च ही एकच जागा अशी होती जिथं हुकूम त्यांच्या बाजूनं होता आणि लपवालपवी नव्हती. जागा त्यांनी शहाणपणानं निवडली, असं माझं मत आहे. वेळ मात्र चुकली असावी. पूजेच्या वेळी वाचणं हीच पुढं सगळीकडची मुख्य तक्रार झाली. १५४१ च्या मे महिन्यातल्या राजघोषणेनं बायबल न ठेवणाऱ्या पॅरिशला महिना ४० शिलिंग दंड ठेवला. त्याच घोषणेत पूजा चालू असताना मोठ्यानं वाचू नये आणि सामान्यांनी चर्चा करू नये अशी ताकीदही होती.

वडिलांपुढं तीन वाटा होत्या. दुर्लक्ष करणं, स्वतः जाऊन ऐकणं, किंवा मुलाला उठवून आणणं. त्यांनी तिसरी धरली.

मुलापुढं वडिलांचं ऐकणं हा सरळ मार्ग होता. चोरून जाऊन बसणं हा दुसरा. त्यानं तिसराच काढला. ऐकू देत नाहीत ना, मग मी वाचायला शिकतो.

काय घडलं

त्या काळी मुलांच्या हाती पहिलं पुस्तक पडे ते प्राइमर, म्हणजे प्रार्थनांचं छोटं पुस्तक. विल्यम इंग्रजी प्राइमर घेऊन बसला. रविवारमागून रविवार अक्षरं लावत तो ‘पात्रिस सापिएन्शिया’ या स्तोत्रापर्यंत पोचला. त्याच्या हकिगतीतला हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. कुठल्या पानापर्यंत आपल्याला वाचता येत होतं, हे माणूस म्हातारपणापर्यंत विसरलेला नाही.

पुढच्या मे महिन्याच्या सुमाराला त्यानं आणि थॉमस जेफ्रीनं पैसे एकत्र केले आणि नव्या कराराची प्रत विकत घेतली. ठेवायची कुठं? गादीखालच्या पेंढ्यात. वेळ साधून दोघं ती काढत आणि वाचत. मालकाचा मुलगा आणि मालकाचा उमेदवार यांच्यात हुकूम देणं-घेणं सोडून दुसरं नातं असण्याचं कारण नव्हतं. ते या पेंढ्यातल्या पुस्तकानं जोडलं. चर्चमधलं वर्तुळ मोडलं तेव्हा घरात दोघांचं नवं वर्तुळ झालं, आणि या वर्तुळावर कुणाचीच नजर नव्हती.

थोड्याच दिवसांत वडिलांनी विल्यमला दुसऱ्या दुकानावर बसवलं. ते घरापासून बाणाच्या टप्प्यावर होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो वाचत बसे. याच काळात जॉन फ्रिथचं प्रभुभोजनाच्या संस्कारावरचं पुस्तकही त्याच्या हाती आलं. फ्रिथला त्याच मतांसाठी १५३३ मध्ये जाळलं होतं. म्हणजे हुकमानं मान्य केलेल्या पुस्तकावरून मुलगा दोन वर्षांच्या आत खरोखरच्या बंदी पुस्तकावर पोचला, तेही वडिलांनीच बसवलेल्या दुकानात.

मग ती रात्र. वडील खुर्चीत झोपलेले. आई आणि मुलगा बोलत बसले होते. विषय निघाला क्रुसाचा. मिरवणुकीत क्रूस पुढून जाताना लोक गुडघे टेकतात, हात जोडतात, छाती बडवतात. मुलगा म्हणाला, ही सरळ मूर्तिपूजा आहे. आई हबकली. तिचं म्हणणं साधारण असं : तुझ्या बाप्तिस्म्याला तो होता, मेल्यावर तोच तुझ्या अंगावर ठेवायचा, आणि तू त्याला नमस्कार करणार नाहीस?

मुलगा झोपायला गेला. आईनं वडिलांना उठवून सांगितलं.

वडील मोठी छडी घेऊन माडीवर आले. केसांना धरून त्याला अंथरुणातून ओढलं आणि बडवलं. मुलगा रडला नाही. ख्रिस्तासाठी मार खातोय म्हणून मला आनंद होत होता, असं त्यानं लिहिलंय. न रडणाऱ्या पोराला पाहून बापाचा पारा आणखी चढतो, हे कोणत्याही घरात कळण्यासारखं आहे. ते खाली गेले आणि जनावराचं दावं घेऊन आले. ते मुलाच्या गळ्यात घालून, फाशीच देतो म्हणत ओढू लागले. मुलगा जवळजवळ अंथरुणाबाहेर आला. आई किंचाळली, तिनं नवऱ्याचा हात धरून ओढला. पलीकडे झोपलेला रिचर्डही ओरडला. तेव्हा पकड सुटली. पुढं सहाएक दिवस मान दुखत होती, असं मॉल्डन सांगतो.

हकिगतीवर किती विसंबायचं

हे सगळं एकाच बाजूचं आहे. मॉल्डननं ते पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, जॉन फॉक्स प्रोटेस्टंट हुतात्म्यांचा इतिहास जमवत होता तेव्हा त्याच्यासाठी लिहून दिलं. फॉक्सच्या कागदपत्रांतून ते १८५९ मध्ये कॅम्डेन सोसायटीनं छापलं. मार खाताना आनंद होणं हा हुतात्म्यांच्या चरित्रांतला ठरलेला प्रसंग आहे, तो जसाच्या तसा घ्यायचं कारण नाही. वडिलांची बाजू आपल्यापर्यंत आलेलीच नाही. पण पेंढा, बाणाच्या टप्प्यावरचं दुकान, स्तोत्राचं नाव, सहा दिवस दुखलेली मान या गोष्टी उपदेशासाठी कुणी रचत नाही. त्यामुळे सांगाडा खरा मानायला हरकत नाही.

घराबाहेर त्याच वेळी

चेम्सफर्डच्या बापानं केलं तेच मोठ्या प्रमाणावर लंडनच्या बिशपनं केलं. एडमंड बॉनरनं सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये सहा बायबलं ठेवली. सोबत सूचना लावली : गर्दी जमवू नये, अर्थ सांगत बसू नये, पूजेच्या वेळी आवाज करू नये. तिथं जॉन पोर्टर नावाचा धिप्पाड तरुण वाचू लागला. आवाज खणखणीत, वाचायची हातोटी चांगली, ऐकायला झुंबड उडायची. १५४१ मध्ये बॉनरनं त्याला बोलावून अर्थ सांगितल्याचा आणि गर्दी जमवल्याचा आरोप ठेवला. हे सिद्ध होणार नाही, असं पोर्टर म्हणाला. त्याची रवानगी न्यूगेटच्या तुरुंगात झाली, बेड्यांत. एका नातेवाइकानं खटपट करून त्याला इतर कैद्यांत आणवलं, तर तो त्यांनाही धर्म सांगू लागला. मग तळघरातली कोठडी, गळ्याभोवती लोखंडी कडं, आणि सहा-आठ दिवसांत मृत्यू. ही माहितीही फॉक्सचीच, तेव्हा तोच सावधपणा इथंही ठेवायचा.

राज्यकर्त्यांच्या मनात वाचनाचं चित्र कसं होतं, ते १५३९ च्या ग्रेट बायबलच्या, म्हणजे चर्चांत ठेवायच्या त्या मोठ्या इंग्रजी बायबलच्या, मुखपृष्ठावर दिसतं. वर सिंहासनावर हेन्री, दोन्ही हातांनी ग्रंथ देतोय. ग्रंथ बिशपांच्या आणि सरदारांच्या हाती जातो. तळाशी सामान्यांची गर्दी, पुढ्यात प्रवचनकार, आणि तोंडून राजाचा जयजयकार. खाली एका कोपऱ्यात तुरुंगही काढलेला आहे. त्या गर्दीनं ऐकायचं आहे, तेही वरून आलेलं. गर्दीतल्याच एकानं दुसऱ्याला वाचून दाखवावं, याला त्या चित्रात जागा नाही.

निष्पत्ती

१५४३ मध्ये संसदेनं कायदा केला. टिंडेलचं भाषांतर बंद. चर्चमध्ये किंवा उघड सभेत परवान्याशिवाय बायबल मोठ्यानं वाचणं बंद. सरदार आणि प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या घरात, फळबागेत किंवा बागेत कुटुंबाला शांतपणे वाचून दाखवू शकतील. व्यापारी गृहस्थ खासगीत वाचू शकेल. वरच्या घरातल्या स्त्रियांनी वाचावं, पण एकटीपुरतं, दुसऱ्यांना नाही. बाकीच्या स्त्रिया, कारागीर, उमेदवार, नोकरचाकर, शेतकरी, मजूर यांनी वाचायचंच नाही. वाचलं तर महिनाभर कैद.

हा कायदा मॉल्डनच्या घराला लावून पाहा. ज्याला ते पुस्तक नको होतं त्या बापाला, दुकानदार गृहस्थ म्हणून, सूट मिळण्यासारखी होती. ज्याला हवं होतं त्या थॉमस जेफ्रीला बंदी. आईला बंदी. आणि चर्चच्या खालच्या टोकाची ती गरीब माणसं, जी या सगळ्याच्या मुळाशी होती, त्यांना तर दुहेरी बंदी, वाचण्याचीही आणि वाचून दाखवण्याचीही.

डिसेंबर १५४५ मध्ये हेन्रीनं संसदेत शेवटचं भाषण केलं. त्यात त्यानंच तक्रार केली, की प्रत्येक गुत्त्यात आणि खानावळीत देवाच्या वचनावर वाद होतात, गाणी रचली जातात, कलकलाट चालतो. कायद्याला अडीच वर्षं होऊन गेली होती. १५४७ मध्ये हेन्री वारला आणि त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत पहिल्याच वर्षी तो कायदा रद्द झाला.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महागात पडला तो वडिलांचा पहिला निर्णय, दावं आणण्याचा नव्हे. मुलगा चर्चमध्ये बसून ऐकत होता तोवर तो सगळ्या गावासमोर होता. वाचणारा चुकला तर कुणी टोकलं असतं. पाद्री तिथंच होता. वडील स्वतः चार रविवार त्या घोळक्याच्या कडेला उभे राहिले असते, तर मुलगा काय ऐकतो ते त्यांना कळलं असतं आणि घरी बोलायला विषयही मिळाला असता. त्यांनी त्याला उठवलं. त्याबरोबर एक श्रोता कमी झाला आणि एक वाचक तयार झाला. वाचकावर नजर ठेवणं फार कठीण. वाचायला त्याला पेंढा पुरतो.

आईचा निर्णय मला चुकीचा म्हणवत नाही. खुर्चीतल्या नवऱ्याला तिनं उठवलं ते चहाडी म्हणून नसावं. तिच्या लेखी मुलाचा आत्माच धोक्यात होता. पण क्षणभर थांबून पाहिलं तर घरातली खरी चर्चा तिनं आणि मुलानं केली होती. प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं, उलट विचारलं. अख्ख्या हकिगतीत दोन माणसं समोरासमोर बसून मतभेदावर बोलली ती ही एकच वेळ. ती सकाळपर्यंत तिघांत चालू राहिली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. दावं निघालं नसतं, एवढं नक्की.

मुलाच्या बाजूनंही एक उणीव आहे. दोन वर्षं तो एका उमेदवाराशी आणि पुस्तकांशीच बोलत होता. विरुद्ध मताच्या माणसाला, त्यातही आईला, सवयीचा धर्म ‘मूर्तिपूजा’ या एका शब्दात उडवून दाखवायचा हे बंद खोलीतलं बोलणं आहे. चर्चच्या घोळक्यात बसता आलं असतं, तर हाच शब्द शेजारच्यांपुढं उच्चारून त्याचं काय होतं ते त्यानं आधी पाहिलं असतं.

बॉनर आणि संसद यांच्याबद्दल थोडक्यात. १५४३ च्या कायद्यात परवान्यानं वाचण्याची तरतूद होती. ती आधीच, १५३८ मध्ये, उदार हातानं वापरली असती, पॅरिशमधल्या चांगल्या वाचणाऱ्याला पूजेनंतरचा तास ठरवून दिला असता, तर पोर्टरसारख्यांचा आवाज चर्चच्या कामी आला असता. वाचनाची परवानगी आणि बोलण्याची बंदी ही जोडी टिकणारी नव्हतीच. अडलेल्या शब्दावर ऐकणारा विचारणार आणि वाचणारा काहीतरी सांगणार. अर्थ सांगणं तिथंच सुरू झालं.

एक नोंद

बंदीच्या काळातला एक कागद उरला आहे. ग्लॉस्टरशरमधल्या सेंटबरी टेकडीवर मेंढ्या राखणाऱ्या रॉबर्ट विल्यम्सनं १५४६ मध्ये एक पुस्तक घेतलं, १४ पेन्सना. पॉलिडोर व्हर्जिल या इतिहासकाराच्या ग्रंथाचा तो इंग्रजी संक्षेप होता, बायबल नव्हे. त्याच्या कोऱ्या पानावर मेंढपाळानं अडखळत्या स्पेलिंगमध्ये लिहून ठेवलं, की मेंढपाळांनी नवा करार वाचू नये असा हुकूम झाला तेव्हा मी हे पुस्तक घेतलं, देव हे आंधळेपण दूर करो. खाली नाव, टेकडी आणि साल. टेकडीवर ऐकायला मेंढ्याच होत्या.